सारखे केलेले दाते

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक लहान मुलं सहसा करत नाहीत.

एका डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला तळं आणि बाकी तिन्ही अंगांना कुसळीचं गवत. उन्हाळा तोंडावर आला की हे गवत छातीएवढं उंच होई आणि वाळून खडखडीत होई. गावची गुरं त्या गवतावर जगत, घरं त्याच गवताने शाकारलेली असत. पण जे गवत गावाला जगवी तेच गावाची झोपही उडवी. कारण दर उन्हाळ्यात डोंगरावर कुठे ना कुठे वणवा पेटे, आणि वणव्याला गवताची वाट पाठ असते.

म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. थंडी सरली की सगळ्या गावाने बाहेर पडायचं आणि गावाभोवतीचं गवत बुडापासून कापून उघड्या जमिनीचा पट्टा काढायचा. पेटती काडी वाऱ्याने उडाली तरी मधेच विझून पडावी, इतका रुंद. प्रत्येक घराला पट्ट्याचा एकेक तुकडा वाटून दिलेला असे. ज्याने त्याने आपला तुकडा कापायचा. गावात भांडणं असत, अबोले असत, पण या कामाला कधी कुणी चुकलं नव्हतं.

आता कुसळीची वाळकी काडी मोठी चिवट आणि गुळगुळीत असते. साध्या धारेचा विळा तिच्यावरून नुसता घसरतो. तिला लागतो दात्यांचा विळा, म्हणजे ज्याच्या धारेला करवतीसारखे बारीक दाते असतात तो. काडी मुठीत धरायची, दाते तिच्यात रुतवायचे आणि आपल्याकडे ओढायचं. असे विळे घराघरांत होते आणि त्यांची निगा राखणारा लोहार गावात एकच होता.

हा लोहार हाताचा कसबी आणि मनाचा मऊ होता. त्याच्या घरात तो आणि त्याची बायको, दोघंच. त्याला व्यसन नव्हतं, लबाडी नव्हती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुखणं म्हणाल तर एकच. त्याला सगळ्यांचा लाडका राहायचं होतं. समोरच्याचं तोंड जरा उतरलं की हा लगेच त्याची मनधरणी करू लागे. त्यामुळे 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी चढलाच नाही. लोक म्हणत, किती भला माणूस! आणि भला माणूस होता हे खरंच आहे. भलेपणाने किती वाटोळं होऊ शकतं हे आपल्याला अजून पाहायचं आहे.

त्याच्या बापाने त्याला विद्या मात्र चोख दिली होती. साधा विळा सहाणेवर चार वेळा ओढला की झालं, दात्यांच्या विळ्याचं तसं नसतं. बारीक तिधारी कानस घ्यायची, एका दात्याच्या खाचेत बसवायची आणि एकाच अंगाने, हलक्या हाताने पुढे ढकलायची. एक खाच झाली की मग दुसरी. दुसऱ्या अंगाला कानस लावायचीच नाही. तिकडे लोखंडाची जी बारीक किनार उलटून येते तेवढी सहाणेच्या एका फटक्याने काढायची. मग गवताचा चीक पुसायचा, करडईचं तेल लावायचं आणि विळा आढ्याला टांगायचा.

बापाने आणखीही एक गोष्ट सांगितली होती. विळा असतो मऊ लोखंडाचा. फक्त धारेच्या कडेला पाणी दिलेल्या कडक पोलादाची पट्टी जोडलेली असते, ती करंगळीच्या नखाएवढी रुंद. दाते असतात त्या पट्टीत. "दाता मोडला तर मोडू दे," बाप म्हणाला होता. "बाकीच्यास्नी हात लावू नगंस. शेजारचे दोघं त्याचं काम वढून नेत्यात. दरसाल धार लावता लावता बाकीचे झिजत येत्यात, आन् ती खिंड आपसूक भरून निघती. एकाच्या पायी समद्यास्नी खाली आणशील, तर पट्टी संपंल आन् हातात नुसतं लोखंड ऱ्हाईल."

लोहाराने हे ऐकलं होतं, त्याला ते पटलं होतं आणि बरीच वर्षं त्याने ते पाळलंही होतं.

गवतकापणीच्या आदल्या दिवशी गावात विळेपूजा असे. शिवेवरच्या देवीपुढे घोंगडी अंथरत आणि घरोघरचे विळे एका ओळीत मांडत. पूजा देवीची, पण नजर शेजाऱ्याच्या विळ्यावर. कुणाचा चकाकतो, कुणाचा गंजलाय, सगळं बघून होई. एका वर्षी पाटलाच्या विळ्याचा मधलाच दाता दगडावर बसून मोडला होता. ओळीत तो विळा मांडला तेव्हा कुणीतरी म्हणालं की पाटलाच्या विळ्याचं बोळकं झालं. सगळे हसले. पाटीलही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

तो तडक लोहाराकडे आला. विळा ऐरणीवर ठेवून म्हणाला, "ह्या मोडक्या दात्याच्या बरोबरीला बाकीचे आण. एका वळीत दिसले पायजेत."

लोहाराने तोंड उघडलं. बापाचे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण पाटलाचा चेहरा पाहिला आणि ते शब्द त्याने गिळले. एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय शिकवणार, आणि एका विळ्याने असं काय होतंय, असं त्याने मनाशी म्हटलं. सगळे दाते त्याने मोडक्या दात्याच्या उंचीला आणले, त्यांच्यात नव्याने उथळ खाचा पाडल्या आणि विळा सहाणेवर आडवा धरून असा उजळला, की त्यात तोंड दिसावं.

पाटलाचा विळा पाहून सगळ्या गावाला आपापले विळे गावंढळ वाटू लागले. बारीकशी खिंड असलेला प्रत्येक विळा लोहाराकडे येऊ लागला. कुणी म्हणे सासरकडची माणसं पूजेला यायची आहेत, कुणी म्हणे शेजारणीचा बघा कसा झालाय. पाटलाला हो म्हटलेलं, मग इतरांना नाही कसं म्हणणार? लोहार घासत राहिला. पुढच्या पूजेला घोंगडीवर विळ्यांची अशी एकसारखी, लखलखीत ओळ लागली, की म्हातारी माणसंसुद्धा माना डोलवू लागली. लोहाराला त्या दिवशी नारळाचा मान मिळाला.

पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. बुटके दाते काडीत नीट रुतेनात. विळा घसरू लागला. घसरतो म्हणून लोक जास्त जोर लावू लागले, आणि जोर लावला की दाते मोडू लागले. दाता मोडला की विळा पुन्हा लोहाराकडे, पुन्हा सगळे दाते खाली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

आणि एके दिवशी व्हायचं ते झालं. पोलादावर कानस चालते तेव्हा ती कर्र कर्र ओरडते. मऊ लोखंडावर ती गप्प होते. लोहार पाटलाचाच विळा घासत होता आणि हाताखालची कानस एकदम मुकी झाली. त्याने विळा उजेडात धरला. पोलादाची पट्टी संपली होती. आता जे दाते पडत होते ते लोखंडाचे होते. वाळलेल्या कुसळीपुढे ते नुसते वाकणार होते.

लोहाराने कानस खाली ठेवली. त्याला सगळं कळत होतं. आज हा, उद्या तो, एकेक करून गावचे सगळे विळे इथेच येऊन पोचणार होते. आता उठावं, पाटलाकडे जावं आणि सांगावं, की माझं चुकलं, नवं पोलाद आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पण मग लोक विचारतील, तुला माहीत होतं तर आधी का नाही बोललास? त्या प्रश्नाची त्याला वणव्याहून जास्त भीती वाटली. त्याने विळा सहाणेवर उजळला, त्याला तेल लावलं आणि पाटलाकडे पोचवला.

त्याच वर्षी पल्याडच्या राज्यातून बैलांचा तांडा आला. तांड्याच्या नायकाने चावडीपुढे पोलादाच्या पट्ट्या मांडल्या आणि विचारलं, हव्यात का? पाटील हसून म्हणाला की आमचे विळे तर आरशासारखे आहेत, आणि त्याने लोहाराकडे पाहिलं. सगळ्या गावाने लोहाराकडे पाहिलं. लोहार म्हणाला, "सध्या नड न्हाई." नायकाने पट्ट्या पुन्हा बैलावर लादल्या आणि तांडा डोंगरापलीकडे निघून गेला.

दरसाल पट्टा अरुंद होत चालला. जिथे दोन गाड्या शेजारून जात तिथे एक जाईना. लोक पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत कापत, त्यांच्या तळहातांची सालं निघत, आणि तरी उन्हाळा त्यांच्या आधी येऊन उभा राही. लोहाराची बायकोही आपल्या घरचा तुकडा कापायला जाई. घरी आली की मुकाट्याने हातांना हळद लावून बसे. एका संध्याकाळी तिने विचारलं, "अवो, गवत राठ झालंय, का इळं बोथट झाल्यात?"

"गवत," तो म्हणाला.

तिने मान हलवली. तिचा त्याच्यावर विश्वास होता. लोखंडातलं तुम्हालाच जास्त कळतं, असं म्हणून ती चुलीपाशी गेली. लोहाराला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सगळ्या गावात एकच विळा तेवढा जुन्या रीतीचा उरला होता. तो होता एका एकट्या म्हातारीचा. तिच्या विळ्याला दोन-तीन खिंडी होत्या, पण तिने त्या कधी भरून घेतल्या नव्हत्या. पूजेत आपला विळा उठून दिसावा अशी तिला हौसच नव्हती. पोरंटोरं चिडवत, की आजीचं तोंड आणि आजीचा विळा सारखेच. ती आपल्या बोळक्याने हसून म्हणे, "दोघंबी अजून खात्यात की रं."

आणि खरंच खात होते. म्हातारीच्या वाट्याचा तुकडा गावात सगळ्यात रुंद होता. ती सावकाश कापे, पण तिची प्रत्येक ओढ कामाला येई. लोकांच्या मनात हळूहळू एक गोष्ट पक्की बसली होती. वणवा आलाच आणि तळ्यापर्यंत पोचता आलं नाही, तर म्हातारीच्या तुकड्यात जाऊन मधोमध उभं राहायचं. गाव जळेल, पण माणूस वाचेल. आयाबाया पोरांना हेच शिकवत.

शेवटी पट्टा फारच अरुंद झाला तेव्हा पाटलाने गाव गोळा केलं. हे असं का होतंय, असा प्रश्न निघाला. कुणी म्हणालं, गवतच आता पहिल्यासारखं राहिलं नाही. कुणी म्हणालं, देवी रुसली. मग मागे बसलेली म्हातारी उठली.

"मला तर कायबी येगळं वाटत न्हाई," ती म्हणाली. "त्येच गवत हाय. माझा इळा पैल्यावानीच कापतोय. तुमचं इळंच येकदा बघा."

सगळ्यांच्या माना लोहाराकडे वळल्या. त्याची बायकोही बायकांत बसून त्याच्याकडेच बघत होती. पाटलाने विचारलं, "लोहारदादा, तुमीच सांगा. खोट इळ्यांत हाय का गवतात?"

अशी घडी माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळीच येते, आणि ती फार वेळ थांबत नाही. लोहाराच्या मनात आलं, आत्ता बोलावं. बोललो तर आज शिव्या खाव्या लागतील, कदाचित गावही सोडावं लागेल, पण पुढच्या तांड्याला पोलाद घेता येईल. त्याने समोर पाहिलं. इतके सगळे चेहरे, आणि सगळे त्याच्यावर माया करणारे. त्याने तोंड उघडलं. पण जीभ भलतंच बोलली.

"आजीचा तुकडा वडाच्या सावलीत पडतो," तो म्हणाला. "सावलीचं गवत मऊच असतं. उन्हातलं राठ झालंय. इळ्यांत काय खोट न्हाई."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्या गावातही होती, पण त्या दिवशी ती कुणालाच आठवली नाही. काही जण म्हातारीकडे बघून हसले, की फुकटची फुशारकी मारत होती. म्हातारी खाली बसली. आपल्याच डोळ्यांवरचा तिचा विश्वास उडाला होता. लोहार सांगतोय म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती लोहाराच्या भात्यापाशी आली. पदराखालून तिने विळा काढला.

"समद्या गावात माझाच येवढा येगळा दिसतो," ती म्हणाली. "देवीम्होरं मांडला की वळ मोडती. आन् गवतच मऊ असंल, तर ह्या पडक्या दातांचं मला कवतिक कशाला? समद्यांसारखा करून दे, बाबा."

लोहाराने विळा हातात घेतला. हा विळा गावातला शेवटचा खरा विळा होता, हे जगात त्याला एकट्याला ठाऊक होतं. आजी, राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण ती विचारणार, का राहू दे? काल सभेत तर तूच म्हणालास. आणि मग ही म्हातारी पाणवठ्यावर जाऊन सांगणार, लोहाराने माझा विळा करायला नाही म्हटलं. एक नाही म्हटलं की मागचे सगळे हो उघडे पडणार होते. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "ठेवा," म्हणाला.

त्या दिवशी कानस जेवढी ओरडली तेवढी कधीच ओरडली नव्हती. बापाच्या हातचं पोलाद होतं, पाणी चांगलं बसलेलं, ते सहजी हटेना. लोहार घामाने भिजला. मनातल्या मनात तो म्हणत होता की अजून पट्टी शिल्लक आहे, इथे थांबलो तरी चालेल. पण खिंडी खोल होत्या आणि म्हातारीला ओळ सारखी हवी होती. तो घासत राहिला, घासत राहिला, आणि शेवटी कानस मुकी झाली.

म्हातारी विळा न्यायला आली. आपला चेहरा त्यात बघून लहान पोरीसारखी हरखली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "औक्षवंत हो." लोहाराने मान खाली घातली. तो आशीर्वाद त्याला शिवीपेक्षा जड गेला.

त्या वर्षीची विळेपूजा पहिल्यांदाच पूर्ण एकसारखी झाली. ओळीत कुठे खोट म्हणून काढायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी कापणी सुरू झाली आणि म्हातारीचा तुकडाही इतरांसारखाच अडून बसला. ती ओढायची, विळा घसरायचा. ती पुन्हा ओढायची. उन्हं तापू लागली तरी तिच्या तुकड्यातलं गवत तसंच उभं होतं. दूर डोंगरावर धुराच्या रेषा दिसू लागल्या होत्या.

लोहाराच्या बायकोला चैन पडेना. ती नवऱ्याला म्हणाली, "आजीचा तुकडा औंदा निम्माबी झाला न्हाई. आन् पोराबाळांचा आसरा तिथंच. तिच्या इळ्याला काय झालं वो?"

हा तिचा दुसरा प्रश्न होता, आणि खरं बोलायला उरलेला या गोष्टीतला तो शेवटचा दरवाजा होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. ऐकणारी फक्त ती होती, आणि तिने त्याला माफही केलं असतं. तरी लोहार म्हणाला, "इळ्याला काय व्हायचंय? म्हातारीचं हात थकलं."

"मग माझं हात हायेत की," ती म्हणाली. "आपला तुकडा पडू दे तसाच. मी तिच्याकडं जाती."

आणि ती गेली. रोज जाऊ लागली. उजाडलं की भाकरी बांधून घेई आणि दिवसभर म्हातारीच्या शेजारी वाकून त्या मऊ लोखंडाने गवताशी झगडत राही. तिला थांबवायचं असतं तर खरं बोलावं लागलं असतं. लोहाराने थांबवलं नाही.

एका दुपारी लोहार भात्यापाशी बसला होता. आधी गुरांचं हंबरणं ऐकू आलं, मग वाऱ्याबरोबर जळक्या गवताचा वास आला. तो बाहेर धावला. वणवा डोंगरावरून उतरून पट्ट्याला भिडला होता. पट्टा होता, पण नावाला. पाटलाच्या तुकड्यावरून पेटती कुसळं अलगद उडून अलीकडे पडली. एका घराचं छप्पर धरलं, मग दुसऱ्याचं, आणि बघता बघता अर्धं गाव पेटलं. लोक पोरं कडेवर मारून तळ्याकडे पळत होते. लोहार एकेकाला अडवून बायकोबद्दल विचारत होता. एका बाईने म्हातारीच्या तुकड्याकडे हात केला.

तो तिकडे धावला, पण मधे जाळ उभा होता. त्याने हाका मारल्या. त्या आगीच्या आवाजात त्याची हाक त्याला स्वतःलाही ऐकू आली नाही. पुढे पाऊल टाकलं की अंगावरचे केस जळत, मागे घेतलं की जीव जळे. शेवटी दोघा-तिघांनी त्याला ओढत तळ्यात नेलं.

आग विझली तेव्हा गाव नव्हतं. लोहार म्हातारीच्या तुकड्यात गेला. दोघी मधोमध होत्या, जिथे जाऊन उभं राहायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं तिथेच. म्हातारीला पळता आलं नसतं, आणि बायकोने तिला सोडलं नव्हतं. ती तिच्यावर पांघरूण घातल्यासारखी पडली होती. भोवतीची उघडी जमीन दोन्ही हात पसरले तर संपेल एवढीच होती. म्हातारीचा विळा पहिल्यासारखा असता तर ती किती रुंद झाली असती, हे लोहाराला अगदी नेमकं माहीत होतं. तो त्या राखेत बसून गुरासारखा रडला.

आणि मग, सगळं संपल्यावर, त्याला धीर आला. गमावण्यासारखं काही उरलं नाही की भित्र्यालाही धीर येतो. राखेतला विळा उचलून तो तळ्याकाठी आला. उरलेलं गाव तिथे बसलं होतं, कुणाच्या भुवया जळलेल्या, कुणाची माणसं गेलेली. लोहार त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. गवत कधीच राठ झालं नव्हतं, हे सांगितलं. विळ्यांची धार त्यानेच घालवली, हे सांगितलं. पोलाद घासून संपवलं, सभेत खोटं बोलला, म्हातारीचा चांगला विळा जाणूनबुजून बिघडवला, बायकोलाही फसवलं. काही राखून ठेवलं नाही.

मग पाटील उठला आणि त्याने लोहाराच्या खांद्यावर हात ठेवला. पाटलाचे डोळे भरून आले होते.

"माणूस गेलं की असंच होतं, दादा," तो म्हणाला. "आपलंच चुकलं असं वाटत ऱ्हातं. मन घट्ट करा."

लोहार म्हणाला की हे दुःखाने नाही, खरं आहे. सगळ्यांना दाखवायला त्याने म्हातारीचा विळा पुढे धरला आणि अंगठ्याच्या नखाने एक दाता दाबला. दाता मेणासारखा वाकला. "बघा," तो म्हणाला. "बघा, ह्ये पोलाद हाय का?"

पाटलाने विळा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"आगीत पडल्यावर कुठलंबी पोलाद मऊच पडतं," तो म्हणाला. "ह्ये आमास्नी तुमीच शिकवलं न्हवं?"

आणि तेही खरंच होतं. गावचे सगळे विळे आगीत पडले होते आणि आता सगळेच मऊ होते. कुठल्या विळ्यात पोलाद होतं आणि कुठल्यात नव्हतं, हे यापुढे कधीच कुणाला कळणार नव्हतं.

कुणी त्याला दोष दिला नाही. त्याला वाटत होतं, कुणीतरी दगड मारावा. त्याऐवजी एका बाईने, जिचं लेकरू त्या आगीत गेलं होतं, त्याला आंबिलीची वाटी आणून दिली आणि पोटात काहीतरी घाला म्हणाली. त्याने ती घेतली नाही, तर तिने शेजारी बसून त्याला पाजली.

पुढे तळ्याच्या पलीकडे नवं गाव बसलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना लोक सांगत, की एका वर्षी गवत फार राठ झालं आणि आमचं गाव जळालं. लोहार जवळ असला तर म्हणे, "गवत न्हवतं. मी होतो." लोक पाहुण्याला डोळ्यांनी खुणावत, की बिचाऱ्याची बायको गेली त्यात, लक्ष देऊ नका. तो खूप वर्षं जगला. जे एकदा बोलायचं होतं ते तो मरेपर्यंत रोज बोलत राहिला, आणि ते कुणीच कधी खरं मानलं नाही.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: वाईटपणा टाळण्यासाठी ऐन वेळी गिळलेलं खरं नंतर गळा फाडून सांगितलं, तरी ते ना कुणाला वाचवतं, ना सांगणाऱ्याला सोडवतं.